दगडी मैदानातली भर दुपार

वैशाखातली दुपार होती. ऊन नव्हतेच ते, वितळलेली चांदी होती. कौलांवरून ओघळणारी, भिंतींवरून झिरपणारी, रस्त्याच्या धुळीत साचत चाललेली. चिंचेचे पान हलत नव्हते. आकाशात घार नव्हती. जयगिरी गाव दारे लोटून, डोळे मिटून, श्वास रोखून पडले होते.

आणि गावाच्या ऐन नाभीत उभे होते दगडी मैदान. वर्तुळाकार, कृष्णवर्ण, कुलूपबंद.

संस्थानच्या राजांनी ते कुस्तीसाठी बांधले, तेव्हा सात वर्षे टाकीचा आवाज थांबला नव्हता म्हणतात. काळ्या पाषाणाच्या तेरा पायऱ्या एकीखाली एक उतरत गेलेल्या. जणू कुणी दगडाचे कमळ कोरून भूमीत रुजवावे. त्या कमळाच्या गाभ्यात हौदा, आणि हौद्यात तांबडी माती. ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन लोण्यासारखी मऊ झालेली, कुंकवासारखी आरक्त, शंभर वर्षांच्या घामाने खारट झालेली माती.

चैत्रात नगरपालिकेने मैदानाला कुलूप लावले. पायऱ्या खचल्या आहेत, तटाला पोट आले आहे, माणसे बसवणे धोक्याचे आहे, असे कागद निघाले. हमरस्त्यालगत नवे स्टेडियम उभे राहत होते; छताचे, दिव्यांचे, रंगीत खुर्च्यांचे. जुने उतरवायचे ठरले. वैशाखी पौर्णिमेनंतर यंत्रे येणार होती.

कुलूप लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी, बाराच्या ठोक्याला, हौसाक्काला आतून गर्दी ऐकू आली.

हौसाक्काचे घर मैदानाच्या पूर्वेच्या तटाला खेटून होते. मागची खिडकी आणि तट यांत जेमतेम दोन हातांचे अंतर. त्या फटीत पिंपळाची रोपे उगवत, साळुंक्या घरटी बांधत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली आणि आता सत्तरीला टेकली होती. तटाच्या अलीकडे तिने संसार केला. तटाच्या अलीकडे तिने शिलाईचे यंत्र चालवले, गावातल्या चारही तालमींचे लंगोट शिवले. मापासाठी तालमीतून गाठी मारलेली सुतळी यायची. गाठीवरून तिला कळायचे, कुणाची कंबर भरली, कुणाची झिजली, कुणी यंदा मनापासून जोर मारले आणि कुणी नुसतेच दूध ढोसले.

आणि तरी मैदानात तिने कधी पाऊल ठेवले नव्हते.

बायका तिथे जात नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर कुणी पुसला तरी असता.

म्हणून ती ऐकायची. मैदानाच्या दिवशी हातातले काम टाकून खिडकीच्या गजांना कान लावायची. हलगी कडाडली, की जोड लागली. घुमके मंदावले, की हाताला हात भिडले, खडाखडी सुरू झाली. हजार गळ्यांतून एकदम हुंकार आला, की कुणीतरी समोरच्याचा पाय ओढून पट काढला. गर्दी एकाएकी मुकी झाली, की माणूस अधांतरी आहे, ढाक लागली आहे, आणि आता, आता, आता... तो धप्प आवाज. त्याच्या पाठोपाठ उसळणारा, आभाळाला भिडणारा, तटावरून ओसंडून तिच्या स्वयंपाकघरात सांडणारा कल्लोळ.

नवरा दत्तोबा संध्याकाळी घरी यायचा, फेटा खुंटीला लावून जेवायला बसायचा, आणि तो तोंड उघडायच्या आतच ही भाकरी वाढता वाढता म्हणायची, की डोंगरवाडीचा पैलवान एकलांगी डावावर जिंकला ना, पण समोरच्याचा गुडघा आधीच गेला होता, ती कुस्ती खरी नव्हे. दत्तोबाचा घास हातातच राहायचा. एकदा त्याने नुसते तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पैसे देऊन मी बगतो. आणि दिसतं तुला."

दत्तोबा जाऊन अकरा वर्षे झाली होती. पण ती ऐकत होती. आवाजातून तिला सारे दिसत होते. त्या काळ्या तटापलीकडचे, कधीही न पाहिलेले ते वर्तुळ तिच्या मिटल्या डोळ्यांमागे इतके स्पष्ट, इतके तेजस्वी, इतके तिचे होते, की प्रत्यक्षात ते कसे आहे, हे जाणून घ्यायची तिला कधी कधी भीती वाटे.

आता चैत्र सरला होता, मैदान रिकामे होते, आणि रोज बाराला ते भरत होते.

आधी पावले. दगडावर घासणाऱ्या वहाणा, एकामागून एक, अगणित. मग बसण्याचा आवाज. धोतरांची सळसळ, गुडघ्यांची कुरकुर, कुणाचे खाकरणे. मग कुजबुज, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, खोल, अखंड, उष्ण. आणि मग ती कुजबुजही विझायची, आणि उरायचा फक्त श्वास. हजारो छात्यांचा एकत्र श्वास. तो तटातून यायचा, दगडादगडातून पाझरायचा, आणि खिडकीतल्या तुळशीची पाने वारा नसताना थरथरायची.

हलगी वाजत नव्हती. शड्डू पडत नव्हता. कुस्ती लागतच नव्हती. तेरा पायऱ्या भरून कुणीतरी नुसते वाट पाहत होते. घटकाभर. मग पुन्हा वहाणा, पुन्हा सळसळ, आणि मैदान रिकामे व्हायचे.

हौसाक्काने हे कुणाला सांगितले नाही. म्हातारीचे कान वाजतात म्हणाले असते लोक. पण तिच्या कानांनी तिला उभ्या जन्मात कधी फसवले नव्हते, आणि तेच तर भयंकर होते.

घरात तिची नात होती, कस्तुरी. लेकाची लेक. एकोणीस वर्षांची, उसाच्या कांड्यासारखी सरळ, भरल्या खांद्यांची. ती कुस्ती खेळायची. तालुक्याच्या केंद्रात, गादीवर. मातीत मुलींना कुणी घेतले नव्हते. नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला जी पहिली कुस्ती लागणार होती, ती मुलींची, आणि तिच्यात कस्तुरीचे नाव होते. कस्तुरीच्या अंगात त्या दिवसांत दिवाळी संचारली होती. ती नव्या इमारतीची चित्रे दाखवायची, बायकांसाठी वेगळे दार नाही, वेगळी रांग नाही, कुठेही बस म्हणायची.

हौसाक्का पाहायची, हो म्हणायची, आणि नजर पुन्हा तटाकडे वळायची. तटाच्या दगडांवर पालिकेने पांढऱ्या रंगाने आकडे टाकले होते. दगड विकायचे होते.

एका दुपारी कस्तुरीने तिला फटीत शिरून त्या आकड्यांवरून हात फिरवताना पाहिले. बोटांना चुना लागला होता आणि म्हातारीचे डोळे भरले होते. मुलगी खिडकीशी उभी राहिली. तिचा स्वर चढला नाही, पण त्याला धार होती.

"आज्जी, ज्या मैदानानं तुला पन्नास वर्सं दारात उभं केलं न्हाई, त्याच्यासाठी रडतीस व्हय?"

प्रश्न खरा होता. कस्तुरीचा आनंद खरा होता. आणि हौसाक्काच्या छातीत जे रुतले होते, तेही खरे होते. तिने पदराने बोटे पुसली आणि यंत्रावर जाऊन बसली. पण त्या दिवशी सुई सरळ चालली नाही.

पौर्णिमा उजाडली, मावळली. दुसऱ्या दिवशी कळले, उद्या यंत्रे येणार.

त्या सकाळी हौसाक्का मकबूल मुल्लाकडे गेली. मकबूलभाई मैदानाचे राखणदार. तीन पिढ्या त्यांच्या घराने हौद्यातली माती मळली होती. त्यांच्या तळहातांच्या रेषांत तो तांबडा रंग कायमचा उतरला होता. ती म्हणाली, एकदा आत जाऊन येते, किल्ली द्या. त्यांनी का म्हणून विचारले नाही. किल्ली तिच्या हातावर ठेवली, पण बोटे लगेच काढून घेतली नाहीत.

"अक्का, आत्ता जा. न्हाईतर दिवस कलल्यावर जा. बाराला नगं."

"का?"

मकबूलभाईंनी जमिनीकडे पाहिले. "बाराला आत जागा नसतीया."

वैशाखाच्या उन्हात हौसाक्काच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यामागून, आश्चर्य असे, की एक गारसा दिलासा आला. इतके दिवस ती एकटी ऐकत नव्हती.

ती बारालाच गेली.

कस्तुरी सोबत निघाली. दगड ढासळताहेत, तुला एकटीला सोडणार नाही म्हणाली. खरे तर तिलाही पाहायचे होते. तिचा आजा, पणजा, चुलते, सगळे पुरुष जिथे बसले, ते तिनेही कधी आतून पाहिले नव्हते.

पश्चिमेचे दार करकरले. पुढे दगडी बोळ, अंधारा, कमानीचा. बोळात शिरताना हौसाक्काच्या कानांत ती कुजबुज होती. चढती, दाट, मधमाश्यांची. बोळाच्या टोकाला उजेडाचे वर्तुळ होते. तिने उजेडात पाऊल टाकले.

आणि कुजबुज थांबली.

विझली नाही, विरली नाही, थांबली. भरल्या घरात परके माणूस शिरले, की बोलणे थांबते, तशी.

तिच्यासमोर होते ते. तेरा पायऱ्या. रिकाम्या, काळ्या, उन्हात न्हालेल्या. दगडांच्या सांध्यांतून वाळके गवत, कुठे एक तुटलेली वहाण, कुठे कावळ्याचे पीस. तिच्या मिटल्या डोळ्यांमागच्या मैदानाहून हे लहान होते, आणि तरी त्याच्याहून खोल. तिने पहिल्या पायरीवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. बारा वाजताच्या उन्हात दगड पोळायला हवा होता. तो थंड होता. विहिरीच्या आतल्या काठासारखा, सावलीत ठेवल्यासारखा थंड.

कस्तुरी पायऱ्या उतरत गेली होती. हौद्याच्या काठाशी तिने चपला काढल्या. क्षणभर थांबली, मग सवयीने वाकली, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली, आणि आत उतरली. शंभर वर्षांत त्या मातीवर पडलेले बाईचे पहिले पाऊल. काही झाले नाही. आभाळ कोसळले नाही. माती फक्त तिच्या टाचांखाली मऊपणे दबली.

मुलगी हसली. पाय रोवले, आणि उजव्या मांडीवर शड्डू ठोकला.

तो आवाज तेरा पायऱ्या चढून तटाला भिडला, आणि समोरून परत आला.

"आज्जी, काय घुमतंय गं!" कस्तुरी म्हणाली.

हौसाक्का पायरीवर दगडासारखी उभी होती. कारण ते घुमणे नव्हते. पडसाद असतो मूळ आवाजाची सावली, त्याच्याहून फिकी, त्याच्याहून क्षीण. हा आवाज भारी होता. रुंद पंजा, जाड मांडी, सावकाश, सराईत. तिने या मैदानातले किती शड्डू ऐकले होते, हात नुसत्या आवाजावरून ओळखले होते. हा हात तिच्या ओळखीचा नव्हता. तो तिच्याही आधीच्या काळातला होता.

कस्तुरी आता एकटीच, गमतीने, मातीवर सरकत होती. हात पुढे, मान खाली, खडाखडीच्या पवित्र्यात. डावीकडे दोन पावले, उजवीकडे एक. हौसाक्काने पाहिले. हौद्यात एक मुलगी होती.

तिने डोळे मिटले.

हौद्यात चार पाय होते.

दोन हलके, चपळ, उतावळे. दोन संथ, भरीव, जमिनीत मुरलेले. हाताला हात भिडल्याचा आवाज. मनगट सुटल्याचा, पुन्हा पकडल्याचा. दोन श्वास. आणि त्या श्वासांभोवती, वर्तुळात, पायरीपायरीवर, हजारो छात्यांनी आत ओढून धरलेला एक श्वास. हलके पाय मागे सरले. भारी पाय पुढे आले. मग हलके पाय एकदम आत घुसले, आणि सगळ्या मैदानातून तो उठला, तिच्या मिटल्या पापण्यांवर आदळला, तो हुंकार, पट निघाल्याचा हुंकार, जो ती पन्नास वर्षे तटाबाहेरून ऐकत आली होती आणि आज त्याच्या मध्यात उभी होती. मग मैदान मुके झाले. कुणीतरी अधांतरी होते. आता, आता, आता...

"कस्तुरे!"

तिचे डोळे उघडले होते. हाक आपणच मारली, हे तिला नंतर कळले.

कस्तुरी एका गुडघ्यावर होती, दोन्ही तळवे मातीत रोवलेले, धापा टाकत. हौद्यात दुसरे कुणी नव्हते. ऊन होते, माती होती. मुलगी उठली, काठावर आली आणि चपला शोधू लागली. चपला समोरच होत्या, पण तिला सापडायला वेळ लागला.

"पाय घसरला," ती म्हणाली.

हौसाक्काने तिला जवळ ओढले आणि वळवले. पाठ कोरी होती. मातीचा कणही नव्हता. माती लागली असती, तर हार. पण मानेवर, जिथे जोड लागण्याआधी एक पैलवान दुसऱ्याला मातीचा हात लावतो, नेमका तिथे, एक पंजा उमटला होता. तांबडा, ओला, पाचही बोटांचा. मागची सारी मान व्यापेल एवढा मोठा.

म्हातारीने त्यावर पदर टाकला. दोघी बोळातून बाहेर पडल्या. मागे वहाणा वाजू लागल्या होत्या, अगणित, सावकाश. गर्दी उठत होती. हौसाक्काने वळून पाहिले नाही. दाराला कुलूप लावले.

घरी न्हाणीत जाण्याआधी कस्तुरी दारात थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण डोळ्यांत भीती नव्हती. होते ते दुसरेच काही, वडीलधाऱ्याने डोक्यावर हात ठेवल्यावर येते ते.

"आज्जी," ती म्हणाली, "मी पडत व्हते. कुणीतरी धरलं मला. पाठ टेकू दिली न्हाई."

"व्हय," हौसाक्का म्हणाली. "ऐकलं मी."

माती साबणाने निघाली. पण हळदीचा आणि ताकाचा वास दोन दिवस मुलीच्या केसांत राहिला.

यंत्रे आली. पिवळी, दातांची, लांब मानेची. मैदानाभोवती उंच निळे पत्रे उभे राहिले आणि त्यांच्याआड दगड सुटत गेले. आकड्यांनी, ट्रकांनी, धुरळ्याने. ज्येष्ठ गेला, श्रावण गेला, कार्तिक गेला. हौसाक्का खिडकी बंद ठेवून शिवत राहिली. बारा वाजत. काही ऐकू येत नसे. तिच्या सबंध आयुष्यात इतकी शांतता त्या फटीतून कधी आली नव्हती, आणि ती शांतता एखाद्या जिवंत जनावरासारखी घरभर फिरे, भांड्यांना हुंगे, तिच्या उशाशी वेटोळे करून बसे.

मकबूलभाईंनी हौद्यातली दोन टोपल्या माती मागून घेतली आणि नदीत सोडली. विकायची नव्हती ती, एवढेच म्हणाले.

मार्गशीर्षात नव्या स्टेडियमचे उद्घाटन झाले. हौसाक्का गेली. पहिल्या रांगेत, नारंगी खुर्चीवर, पाहुण्यांच्या शेजारी बसली. कुणी अडवले नाही. वर पांढरे दिवे होते, खाली निळी गादी, आणि गादीवर तिची नात, लाल पोशाखात, दिव्यासारखी लखलखत. गर्दी ओरडत होती. हौसाक्काने सवयीने डोळे मिटले, आणि तिला काहीच दिसले नाही. आवाज छताला आपटत होता, भिंतींना आपटत होता, त्याचा नुसता चुरा अंगावर पडत होता. कुठे पट नाही, कुठे पाय नाहीत. तिला भीती वाटली, खरी, आंधळ्याची भीती. तिने डोळे उघडले, आणि मग उघडेच ठेवले. कस्तुरीने समोरचीला उचलले, फिरवले, पाडले. पंचाने तिचा हात वर केला. हौसाक्काने ते डोळ्यांनी पाहिले, सगळ्यांसारखे. आणि दत्तोबा असता तर, असे वाटून तिला हुंदका आला.

सत्कार लांबणार होते. कस्तुरीने आजीला रिक्षात बसवून पुढे पाठवले.

त्याच दिवशी निळे पत्रे काढले होते. हौसाक्काने घराचे दार उघडले आणि उंबऱ्यातच थबकली. सकाळी धूळ निघावी म्हणून तिने मागची खिडकी उघडी टाकली होती. घर उजेडाने काठोकाठ भरले होते. मावळता सूर्य पश्चिमेकडून थेट आत आला होता, आणि आतल्या पांढऱ्या भिंतीवर केशर सांडले होते. गाढ, स्निग्ध, निश्चल केशर.

त्या केशरावर सावल्या होत्या.

झाडे असतील म्हणून ती खिडकीशी गेली. बाहेर झाड नव्हते. तट नव्हता. सपाट, मोकळी, उघडी जमीन, पलीकडे ठेंगणी कौले, आणि त्यांच्यावर, दूर डोंगराशी, लालबुंद बिंब. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिले.

शिरे होती ती. ओळींवर ओळी, वर्तुळात, एकीवर एक चढत गेलेली. फेट्यांची, टोप्यांची, बोडकी. खांद्याला खांदा लावून बसलेली, तिच्या घराच्या भिंतीवर.

ती ओरडली नाही. दाराकडे वळलीही नाही. यंत्राजवळचे स्टूल तिने उचलले, भिंत आणि खिडकी यांच्या मधोमध ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सूर्याकडे पाठ करून बसली. खालच्या ओळीत तिची सावली पडली, लहानशी, पदराची. शेजारचे दोन खांदे किंचित बाजूला सरले.

बिंब डोंगराला टेकले. सूर्य खाली उतरला, तशा सावल्या वर सरकल्या. आधी सर्वांत वरची ओळ, मग मधली, मग खालची. सारी माणसे हळूहळू, निःशब्दपणे, उठून उभी राहिली. हौसाक्का बसूनच होती. हात मांडीवर, पाठ ताठ, डोळे उघडे. तिची सावलीही उठली. उठली, त्यांच्यात मिसळली, आणि त्यांच्यासोबत चालू लागली, एक पाऊल, आणखी एक पाऊल, केशरातून तांबड्यात, तांबड्यातून काळ्यात, भिंत संपेपर्यंत.